गळ्यातलं रक्त दिसत नाही

ओरडता ओरडता तुमचा आवाज अचानक गेला, तर तुम्ही त्याला जखम म्हणता का? की हसता, गरम पाणी पिता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडता?

गुडघा फुटला की आपण खाली बसतो. बोट कापलं की चिंधी बांधतो. पण स्वरयंत्रातली बारीक रक्तवाहिनी फुटली तर बाहेर थेंबही येत नाही. बहुतेक वेळा दुखतही नाही. म्हणून आपण त्या फुटलेल्या जागेवर दिवसभर लाथा घालत राहतो. मी घातल्या. ज्यांना घोषणा द्यायच्या असतात, बाजारात माल विकायचा असतो, वर्गात शिकवायचं असतं, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाका मारायच्या असतात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

पत्रकाच्या घरातली

मी सेनगाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरची. माझा बाप, बापू, सोयाबीन आणि तूर पिकवतो आणि पत्रकं काढतो. दारूवर, हुंड्यावर, तांड्याच्या रस्त्यावर, रेशनवर. तांड्यातल्या अर्ध्या माणसांना वाचता येत नाही, म्हणून बापूचा नियम असा की पत्रक नुसतं वाटायचं नाही, उभं राहून वाचून दाखवायचं. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. 'जाहीर निषेध' हे शब्द मला स्वतःचं नाव लिहिता येण्याआधी वाचता येत होते.

मोठी झाल्यावर वाचायचं काम माझ्याकडे आलं. भोंगा नसताना माझा आवाज आठवडी बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. शिक्षण झालं आहे, नोकरी नाही. मालमत्ता म्हणावी तर हा आवाज होता.

होळी

आमच्या तांड्याची होळी एका दिवसात संपत नाही. लेंगी, म्हणजे होळीची गाणी, दिवसच्या दिवस चालतात. बाया एकीकडे, पुरुष दुसरीकडे, आणि मध्ये शिव्या, टोमणे, उत्तरं. वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला, त्या घरी धुंड, म्हणजे त्या मुलाचा होळीतला सोहळा, असते. मुलगी झाली तर नसते. त्यावरही मी पत्रक काढलं आहे, आणि शिव्या खाल्ल्या आहेत. धुंडीच्या दिवशी गोडाची कढई खांबांना दोरांनी करकचून बांधतात. बाया हातात ओल्या काठ्या घेऊन तिच्याभोवती उभ्या राहतात. पुरुष कढई पळवायला येतात, आणि आम्ही त्यांना झोडपतो. खोटं खोटं नाही. पाठीवर वळ उठतात, पोटऱ्या काळ्यानिळ्या होतात. एकच कायदा: डोक्यावर मारायचं नाही. वर्षभर मार खाणाऱ्या बाया त्या एका दिवशी मोजून परत देतात.

त्या वर्षी लेंगी मी सांगत होते, म्हणजे पहिली ओळ माझी आणि मागून बाकीच्या. आधीपासून सर्दी होती. घसा खरखरत होता. पाळी जवळ आली होती आणि कंबर मोडून आली होती, म्हणून दुकानातली दुखण्याची गोळी सकाळी घेतली आणि दुपारी आणखी एक. पाणी प्यायला सवड नव्हती. धुराजवळ उभी होते. हे सगळं मुद्दाम सांगते, कारण पुढे डॉक्टरांनी यातलं एकेक विचारलं.

कढईवर पुरुष तुटून पडले. काठ्यांचा सडसड आवाज, धूळ, किंचाळ्या. त्या गर्दीत सुदामकाका होता. हा बापूचा चुलतभाऊ. तांड्याच्या तोंडाशी त्याची बिनपरवाना दारू चालते आणि ती बंद व्हावी म्हणून आम्ही पत्रकं काढतो. तो पिऊन आला होता. त्याला कढई नको होती. त्यानं एका नव्या सुनेचं मनगट पिरगाळलं आणि तिला ओढायला लागला. ती रडायला लागली आणि लोकांना वाटलं, खेळ चालला आहे.

मी पोटापासून ओरडले. "सुदामकाका, हात सोड!"

'सोड' बाहेर आलंच नाही. विहिरीवरच्या इंजिनचा पट्टा निसटतो, इंजिन धडधडत राहतं आणि पाणी मात्र येत नाही, तसं झालं. तोंड उघडं, छाती जोर लावते आहे, आणि गळ्यातून नुसती हवा. मी काठी घातली त्याच्या मनगटावर. त्यानं हात सोडला, मला छातीत धक्का मारला, मी खांबावर आपटले. तरी तोंडातून 'आई गं' सुद्धा आलं नाही.

बाया आधी घाबरल्या, मग हसल्या. एकीनं टाळ्या वाजवल्या. "शितलचा गळा पडला! आता खरी होळी खेळली पोरगी!"

हीच आमची चूक आहे, आणि ती आम्ही पिढ्यानपिढ्या करतो. होळीत ज्याचा गळा बसतो तो मर्द, ती वाघीण. ज्याचा गळा शाबूत, त्याला टोमणे: "तू काय घरात झोपली होतीस काय गं?" फुटलेल्या गळ्याचा आम्ही सत्कार करतो. माझाही झाला. मला गुलाल लावला.

कुजबुज

नंतरचे दिवस मी शहाण्यासारखी वागते आहे असं मला वाटत होतं. मोठ्यानं बोलत नव्हते, कुजबुजत होते. खाकरून खाकरून गळा मोकळा करत होते. रोज सकाळी उठून 'हॅलो, हॅलो' म्हणून आवाज तपासत होते. दुखत काहीच नव्हतं. याडी, म्हणजे माझी आई, मीठ-हळदीचं पाणी देत होती. तिच्या जिवाला बरं वाटायचं, म्हणून मी गुळण्या करायचे.

मग मी बाजारात जाऊन पत्रक वाचलं. सुदामकाकाच्या दारूवरचं. जो काही फाटका, घोगरा आवाज उरला होता तो ताणून, मानेच्या शिरा फुगवून. चौथ्या ओळीला तोही गेला.

सेनगावात आमची पत्रकं छापून देणाऱ्या रझियाआपा तिथेच भाजी घेत होत्या. त्यांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला.

"तमाशा बंद कर. ये गला है के भोंगा? मेरे साथ चल हिंगोली."

मी कुजबुजले, "आपा, होळीचा गळा आहे. उतरेल."

"होली होके कित्ते दिन हुए? हां? गिन!"

मी मोजले नाहीत. जीपमध्ये बसले.

पडद्यावर

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर सगळे खोकत होते. मला भीती कॅन्सरची होती. तांड्यावर तंबाखूनं मेलेली माणसं मी पाहिली होती, आणि तंबाखू न खाताही मी बाकावर बसल्या बसल्या स्वतःची तिरडी बांधून टाकली होती.

डॉक्टर बाई होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी नाकात बधिर करणारा फवारा मारला आणि एक बारीक नळी आत सरकवली. डोळ्यांतून पाणी आलं. "पडद्याकडे बघ," त्या म्हणाल्या.

पडद्यावर माझा गळा होता. दोन पट्ट्या. एक पांढरी, ओल्या शिंपल्यासारखी. दुसरी लालभडक. टोकापासून टोकापर्यंत रक्तानं भरलेली, सुजून टम्म झालेली, डोळ्यावर बुक्की बसल्यावर डोळा दिसतो तशी. मला वाटलं, कुणीतरी मला आतून मारलं आहे. मग कळलं, कुणीतरी म्हणजे मीच.

"या स्वरतंतूंच्या पट्ट्या," डॉक्टर म्हणाल्या. "बोलताना या एकमेकींवर आपटतात. ओरडताना फार जोरात आपटतात. तुझ्या एकीमधली रक्तवाहिनी फुटली आणि रक्त कातडीखाली साचलं. कोणती गोळी घेतली होतीस?"

मी नाव कुजबुजले.

"ही रक्त लवकर गोठू देत नाही. पाळी?"

मी मान हलवली.

"त्या दिवसांत या नसा भरलेल्या असतात. वर सर्दी, धूर आणि तहान. आणि मग आरोळी. फुटली. त्यानंतर काय केलंस?"

"कुजबुजत होते. बाजारात थोडं वाचलं."

त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "फुटलेल्या डोळ्यावर रोज बुक्क्या मारशील का? आता कुजबुजसुद्धा नाही. खाकरणं नाही. एक शब्द नाही. मी पुन्हा बघेपर्यंत नाही. आत्ता गप्प बसलीस तर हे रक्त बहुतेक जिरून जाईल. पुन्हा ओरडलीस आणि पुन्हा फुटलं, तर तिथे वण राहू शकतो, गाठ होऊ शकते. मग हा घोगरा आवाज कायमचा तुझा."

मी हातानं विचारलं, कायमचा?

"कायमचा म्हणजे कायमचा. आणि ऐक, जड उचलायचं नाही. जोर लावताना गळा आवळला जातो. डोक्यावर हंडे नाहीत, पोती नाहीत."

हे ऐकून मला हसू आलं. त्यांनी माझी याडी पाहिली नव्हती.

गप्प बसण्याची मारामारी

"बोलायचं न्हाई ते ठीक," याडी म्हणाली. "पण पाणी काहून आणायचं न्हाई? पाणी काय तोंडानं आणतेत व्हय?" घरात आम्ही गोरमाटी बोलतो, इथे मी ते मराठीत लिहिते आहे. बापूनं तिला समजावलं. मग तिनं हंडा उचलला आणि दारातून जाताना सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा, माझी लेक राणी झाली! हुकूमबी हातानं देते!"

तिला राग माझ्यावर नव्हता, हे मला आता कळतं. तिची लेक मुकी होईल ही भीती होती, आणि भीतीला आमच्या घरात दुसरी भाषा नाही.

गप्प बसणं म्हणजे शांत बसणं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आतून मी रोज कुणाचा तरी गळा दाबत होते. राग आला की गळा आपोआप आवाज काढायला उठतो. मी ताटावर चमचा आपटायचे. उशीला बुक्क्या मारायचे. एकदा आरसा भिंतीवरून काढून आपटला, कारण त्यातल्या बाईचं तोंड बंद होतं. झोपेत बोलते की काय, या भीतीनं झोप लागायची नाही.

त्यात बायांमध्ये उठलं की सुदामनं मला गप्प केलं. पैसे चारले. ज्यांच्यासाठी मी गळा फोडला, त्याच बाया नळावर माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायला लागल्या. आणि सुदामकाका रोज दारावरून जाताना थांबायचा.

"काहून गं शितल, बोलून नाही राहिली? होळीत तर लई बोंबलत होतीस. देवानंच बटण बंद केलं, व्हय ना?"

मी जीभ दातांखाली धरायचे. एकदा रक्त आलं. ते दिसलं, म्हणून याडीनं लगेच हळद लावली.

मलम एकच होतं, रझियाआपा. त्या तांड्यावर यायच्या, समोर बसायच्या आणि एकट्याच तासभर बोलायच्या. नवरा, भाचा, शाईचे डाग. "तू सिर्फ मुंडी हिला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मध्ये तोडलं न्हाई." जाताना त्यांनी ठळक अक्षरांत छापलेला पुठ्ठा माझ्या गळ्यात अडकवला: 'घशात जखम आहे. बोलायची मनाई. मी विकले गेलेले नाही.' शेवटचं वाक्य मी सांगितलं नव्हतं. ते त्यांचं.

बाजार

पुढच्या बाजाराला पत्रक वाचायला बापू उभा राहिला. त्याचा आवाज बारीक, अडखळता. मी शेजारी, गळ्यात पुठ्ठा. तांड्याच्या काही बाया लांब उभ्या राहून बघत होत्या. बापू 'सुदाम' या नावापर्यंत पोचला आणि सुदाम गर्दीतून आला.

"दादा, घरातली भानगड बाजारात आणतोस?"

"दारू घरात विकतोस का तू?" बापू म्हणाला.

पहिली थप्पड बापूच्या कानावर बसली. दुसरी तोंडावर. बापूचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर आलं. सुदामनं त्याला कॉलर धरून खाली गुडघ्यावर बसवलं, पत्रकं चुरगळली आणि त्याच्या तोंडात कोंबायला लागला. "खा! खा तुझे अक्षरं! लेकीला गिळवलं, तू बी गीळ!" बापू गुदमरत होता. डोळे पांढरे व्हायला लागले. गर्दी उभी होती आणि कुणी हलत नव्हतं.

आरोळी माझ्या गळ्यापर्यंत आली. मला ती अजून आठवते, एखाद्या जनावरासारखी आतून धडका देत होती. सोडली असती तर अख्खा बाजार हलला असता. आणि मला ती लाल पट्टी दिसली. पडद्यावरची.

मी तोंड उघडं ठेवलं आणि श्वास बाहेर सोडला. नुसता श्वास. शेजारच्या पालाचा टेकू, हाताएवढा जाड बांबू, ओढून काढला. पाल कोसळलं, मिरच्या पसरल्या. आणि मी सुदामकाकाच्या पोटऱ्यांवर मारलं. पुन्हा मारलं. पाठीवर, मांड्यांवर. डोक्यावर नाही. होळीचा कायदा हाताला पाठ होता. तो ओरडत होता, शिव्या देत होता, माझ्या तोंडातून हूं सुद्धा नाही. लोक नंतर म्हणाले, त्याचीच भीती वाटली. मारणारा माणूस ओरडतो, ही ओरडेना.

तो आडवा पडला तशी ती नवी सून पुढे आली, जिचं मनगट त्यानं धरलं होतं. तिनं बापूच्या तोंडातला कागद काढला. मग बाकीच्या बायांनी सुदामला घेरलं. पुढचं मी बघितलं नाही. मी बापूला पाणी पाजत होते.

पोलिसांत तक्रार झाली. बापूनं सांगितली, मी मान हलवली. सुदामचीही माझ्यावर झाली आहे. तारखा चालू आहेत. बांबू उचलायला हवा होता का, यावर आमच्या घरात आजही भांडण आहे. बापू म्हणतो, ज्यानं पत्रक काढलं त्यानं काठी उचलू नये. मी म्हणते, तुझ्या नरड्यात कागद होता, बापू. आम्ही दोघंही मागे हटत नाही. पण त्या बायांनी नंतर सुदामचे कॅन ओतून दिले, आणि तांड्याच्या तोंडाशी सध्या दारू नाही.

पहिला शब्द

पुन्हा नळी, पुन्हा पडदा. लाल गेलं होतं. कडेला पिवळसर छटा उरली होती, जुन्या वळासारखी.

"जिरतंय," डॉक्टर म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत: "बाजारातलं आपांनी सांगितलं. ओरडलीस?"

मी मान हलवली, नाही.

"मारताना श्वास कोंडलास? जोर लावताना?"

मी तोंड उघडून फूऽऽ करून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या बाकावरचं खोकणं थांबलं. "शाबास. आता ओठ मिटून हळू 'म्' म्हण. कुजबूज नाही, साधा आवाज."

'म्' आला. बारीक, थरथरता, पण स्वच्छ. मी रडले. आवाज न करता रडायची सवय लागली होती.

घरी आले. याडी चुलीपाशी होती. मी म्हणाले, "याडी."

तिनं फुंकणी खाली ठेवली. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "आला का? मग जा, पाणी आण." मी घागर उचलली तशी: "अर्धीच घागर आण."

आता काय करते

आवाज परत आला, पण पहिल्यासारखा बेफिकीर नाही. मला गळ्याचे व्यायाम दिले आहेत, ते लाज न बाळगता करते. वाचताना जवळ पाण्याची बाटली असते. सर्दी असेल, घसा बसला असेल, पाळीचे दिवस असतील, तेव्हा बाजारात दुसरी मुलगी वाचते. आता आम्ही चौघी वाचतो, पाळीपाळीनं. एका गळ्यावर चळवळ चालवणं हा त्या गळ्यावरचा जुलूम आहे आणि चळवळीचा आळस. दुखण्याची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेत नाही. मात्र हृदयासाठी किंवा दुसऱ्या कारणानं रक्त पातळ ठेवायची गोळी कुणाला डॉक्टरांनी दिली असेल, तर माझं वाचून ती मनानं बंद करू नये. दवाखान्यात जाऊन विचारावं.

आवाज ओरडताना एकदम गेला, तर ती जखम आहे. त्या क्षणी गप्प बसा. कुजबुजू नका. तपासायला 'हॅलो' म्हणू नका. गळ्याच्या डॉक्टरकडे जा आणि आत बघायला लावा. घसा बरेच दिवस घोगरा राहिला तरीही जा, दुखत नसलं तरी. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा थुंकीत रक्त आलं, तर वाट बघत बसू नका, तसंच निघा.

आणि शेवटी एक मागणं. बापूच्या पत्रकावर खाली नेहमी असायचं, 'मोठ्यानं वाचून दाखवा.' मी ती ओळ खोडली आहे. तुमच्या वस्तीत, शाळेत, बाजारात ज्याचा गळा सारखा फाटतो, असा एक माणूस तुम्हाला नक्की आठवला असेल. त्याला लांबून हाक मारू नका, कारण तो हाकेनंच उत्तर देईल. आज चालत त्याच्याजवळ जा, शेजारी बसा, आणि हे त्याला हळू आवाजात वाचून दाखवा.